सातवीतला मुलगा आणि ओला फडका

परवा शाळेच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. विषय काय तर दप्तराविना शाळा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तर न आणता सुतार, माळी, कुंभार अशांच्या हाताखाली काम शिकायचं असं आहे, २०२४ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शाळांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, त्याच्या गाइडलाइन्सही काढल्या. अर्धे म्हणतात मस्त, अर्धे म्हणतात टाइमपास, अभ्यास कधी करायचा पोरांनी, आणि मग नेहमीप्रमाणे मला टॅग केलं, तू फिनलंडला आहेस ना, तिकडे कसं असतं सांग.

तर इकडे सातवीत कोतितालोउस नावाचा विषय असतो, घर चालवायचं शिक्षण म्हणा, मुलगा असो की मुलगी सगळ्यांना कंपल्सरी, साधारण आठवड्याला ३ तास आणि तेही वर्षभर. स्वयंपाक, भांडी, कपड्यांच्या लेबलवरच्या खुणा वाचणं, कचरा वेगळा करणं, खर्चाचा हिशोब. बाकी विषयांसारखी ग्रेड मिळते, आणि शिकवायला या विषयात मास्टर्स केलेला शिक्षक असतो. माझा मुलगा पहिल्याच महिन्यात घरी येऊन म्हणाला, बाबा तू ओट्यावरचा ओला फडका गोळा करून ठेवतोस ना, त्यात जंतू वाढतात, पिळून वाळत घालायचा. चाळिशी उलटल्यावर मला हे कळलं! आमच्या वेळी कार्यानुभव होता की, आदल्या रात्री आईने रुमाल शिवून दिला आणि मार्क मला मिळाले.

पण म्हणून फिनलंडचा उदोउदो करणार नाही. इथे वरकामाला कोणी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही, त्यामुळे मुलगा जे शिकतो ते त्याच आठवड्यात घरी करावं लागतं आणि तसं केलं तरच हाताला वळण लागतं. आपल्याकडे पोरगं शाळेत शिकून आलं तरी घरी मावशी असतात, नाहीतर आई असतेच, ती म्हणणार राहू दे तू अभ्यास कर. मग १० दिवस काय नि १०० दिवस काय, फोटो तेवढे छान येतील.

आणि वर्षभर चालवणं आपल्याला जमत नाही असंही नाही हं. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था काढली, त्यांच्या कार्यक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती आणि चक्क गृह-आरोग्यसुद्धा. ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं.

मला विचाराल तर अशा घरकामाला, हातकामाला शाळेत मार्क हवेतच. कारण वर्गात एखादी मुलगी असते जी सकाळी पाणी भरून, धाकट्या भावाचं आवरून शाळेत येते, तिला हे सगळं आधीच येतं, फक्त ते कुठल्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही. आणि ज्या मुलाला बटण लावता येत नाही तो पहिला नंबर घेऊन जातो.

एवढं सगळं टाइप केलं तर एक मित्र म्हणाला, अरे मावशींना पगार देतो ना, मुलगा कशाला करेल. मी विचारलं, त्या सुट्टीवर असतात तेव्हा? म्हणाला, बायको आहे की. त्यावर चार जणांनी हसरे इमोजी टाकले.