माती किती?

मार्च लागला की आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न "चहा झाला का" हा नसतो, "माती किती?" हा असतो. म्हणजे मातीचं टेंपरेचर. जमिनीत दहा सेंटीमीटर खाली पाच-सहा डिग्री सलग टिकली तरच गवत हलायला लागतं, नाहीतर नुसतं हिरवं दिसत पडून राहतं. आणि आम्ही राहतो कुठे, तर इंग्लंडात डर्बीशायरमध्ये, बक्स्टनच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंचावर. क्रिकेटवाल्यांना हे गाव माहीत असेल. १९७५ साली इथे डर्बीशायर-लँकेशायर मॅच होती, शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ ठोकले आणि सोमवारी, २ जूनला, ग्राउंडवर बर्फ! बर्फामुळे खेळ बंद, जूनमध्ये. अशा गावात घोड्याच्या पोटासाठी गवताने मार्चमध्ये यावं म्हणून डोळे लावून बसणारे आम्ही.

घोडा लेकीचा. घोडा पण कसला, वेल्श पोनी, उंचीला माझ्या छातीपर्यंत आणि रुंदीला विचारू नका. नाव बटाटा, कारण लेकीला जे मोजके मराठी शब्द बिनचूक येतात त्यात हा वरच्या नंबरावर आहे. माझा घोड्याशी त्याआधीचा एकूण संबंध म्हणजे माथेरानला काढलेला एक फोटो, ज्यात घोडा निवांत आणि मी घाबरलेला. आता मी रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटून गमबूट चढवतो आणि ढकलगाडी घेऊन लीद उचलायला जातो. हौसेने नाही हो, घोडा जिथे लीद टाकतो त्याच्या आजूबाजूचं गवत खात नाही, त्यामुळे लीद उचलली नाही तर अर्धं रान न खाल्लेलं रानटी आणि उरलेलं अर्धं न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं, असं होतं.

तर भाड्याने दोन एकर रान आहे, त्यात बटाटा आणि त्याला सोबत म्हणून शेजारच्या बाईंची एक रिटायर्ड म्हातारी घोडी. एका घोड्याला एक-दीड एकर लागतं असं सगळे सांगतात, म्हणजे हिशोबाने आम्ही बरोबर आहोत. पण हिशोब करणाऱ्याने बटाट्याचे दात बघितलेले नाहीत. गाय बिचारी जिभेने गवताचा झुपका ओढून तोडते, तिला वरचे पुढचे दात नसतातच. घोड्याला वर-खाली दोन्ही दात, त्यामुळे तो पार मातीपर्यंत कातरत जातो, आणि पातंच शिल्लक नसेल तर गवत ऊन खाणार कशाने आणि वाढणार कशावर. हिवाळाभर दोघांनी कातरून कातरून आणि टापांनी तुडवून मार्चपर्यंत असं करून ठेवलेलं असतं की हिरवा भाग कुठला आणि शेवाळ कुठलं ते वाकून बघावं लागतं. फाटकापाशी तर चिखल इतका की एकदा पाय वर आला आणि बूट आतच राहिला.

आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं तर ती म्हणाली, "अरे पण पाऊस पडतोय ना रोज तिकडं?"

म्हटलं रोजच पडतोय.

"मग गवत का नाही?"

आता काय सांगणार. ती माण तालुक्यातली. मृगाचा एक पाऊस बरा झाला की आठ दिवसांत बांधावर हिरवं दिसतं, हे तिचं गवताचं शास्त्र, आणि ते तिच्या रानापुरतं शंभर टक्के खरं आहे. तिथे ऊन रग्गड असतं, पाण्यासाठी आभाळाकडे बघायचं. इथे पाणी रग्गड, ऊन आभाळाने दाबून ठेवलेलं. २०१३ च्या मार्चमध्ये इकडे पूर्वेचा गार वारा ठाण मांडून बसला होता, इतका थंड मार्च कित्येक दशकांत झाला नव्हता, गवत आलंच नाही आणि आयर्लंडच्या शेतकऱ्यांना फ्रान्समधून बोटीने वैरण आणायला लागली. बरोबर त्याच उन्हाळ्यात माण-खटावमध्ये दुष्काळाच्या चारा छावण्या चालू होत्या. दोन्हीकडची गुरं रिकाम्या दावणीकडे बघत उभी, एकीकडे गारठ्यामुळे आणि दुसरीकडे उन्हामुळे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच झालं की," आणि मग तिने विचारलं की बटाट्याला कडबा चालेल का.

मी आयटीतला माणूस, त्यामुळे जे हातात नाही त्याची एक्सेल शीट करायची ही खोड आहेच. इकडचे शेतकरी एक हिशोब धरतात, १ जानेवारीपासून रोजच्या हवेच्या सरासरी टेंपरेचरची बेरीज करत जायची, शून्याखालचे दिवस सोडून द्यायचे, आणि बेरीज २०० झाली की गवत खत घ्यायला तयार झालं समजायचं. मूळ डच लोकांचं डोकं. मला हे इतकं आवडलं की मी लगेच ग्राफ काढला, त्याला रंग दिले, ट्रेंडलाइन टाकली आणि मातीसाठी बायकोचा किचनमधला थर्मामीटर घेऊन रानात खुपसला. तो थर्मामीटर आता किचनमध्ये परत यायचा नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलेलं आहे. शेजारच्या रानात मेंढ्या राखणारा म्हातारा बांधावरून हे सगळं बघत असतो. त्याला मोबाइलवर ग्राफ दाखवला. त्याने चष्मा वर करून नीट बघितला, मग आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, येईल तेव्हा येईल. निघून गेला. त्याच्याकडे मात्र दर वर्षी माझ्याआधी गवत असतं, हे कसं ते मला अजून कळलेलं नाही. उतार दक्षिणेकडे आहे म्हणतात, मला तर त्याच्या मेंढ्यांवर डाउट आहे.

दरम्यान वैरण विकत. वैरणवाल्याला फेब्रुवारीत फोन केला की तो "बोला" म्हणतो, एप्रिलमध्ये केला की तो आधी एक दीर्घ श्वास घेतो. त्या श्वासाचे पण पैसे लागतात. वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा रोज पोटात गेला पाहिजे हा घोड्याचा नियम आहे, आणि बटाटा नियम पाळण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर. रान मोकळं राहावं, गवताला जरा डोकं वर काढायला मिळावं म्हणून अर्ध्या भागाला बॅटरीवर करंट येणारी पट्टी लावली. त्याने पहिल्या दिवशी नाकाला झटका खाल्ला. नंतर कधीतरी बॅटरी उतरली, हे मला कळायच्या आधी त्याला कळलं. मी गेलो तेव्हा तो पट्टीच्या पलीकडे उभा होता आणि अलीकडे म्हातारी एकटी, तोंडावर "मी काहीच बघितलं नाही" असा भाव.

मग एप्रिलच्या मध्यावर एकदाची ऊन पडणारी सकाळ आली, निळं आभाळ, मी खूश. तर नेमकी त्याच वेळी तपासणीला आलेली डॉक्टरीणबाई म्हणते, आता सांभाळा. म्हटलं आता काय सांभाळायचं, आहेच काय? तर तिने सांगितलं की दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा अशी हवा असली की गवत उन्हात साखर बनवतं पण थंडीमुळे वाढत नाही, मग ती साखर खर्च कुठे होणार, पात्यातच साठून राहते. म्हणजे जे गवत बोटभर पण नाही ते गुलाबजामाचं! आणि अशा साखरेने पोनीला लॅमिनायटिस होतो, खुराच्या आत सूज येते, दुखणं इतकं की पाऊल टाकवत नाही, आणि वाढलं तर खुरातलं हाड जागचं हलतं. हे ऐकून मात्र माझी चेष्टा बंद झाली. तिने बटाट्याच्या छातीभोवती वजनाचा अंदाज देणारी टेप लावली, आकडा बघितला, मग बटाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

आणि मे महिन्यात, आम्ही डाएट प्लॅन फ्रिजवर चिकटवला त्याच आठवड्यात, गवत आलं. आलं म्हणजे काय, उसळून आलं. सोमवारी घोट्याला नव्हतं ते रविवारी पोटरीला लागायला लागलं. ज्याच्यासाठी अख्खा वसंत थर्मामीटर खुपसत घालवला ते गवत दारात आणि आमचं काम आता एकच, घोड्याला त्यापासून लांब ठेवणं. आपल्याकडे घोड्याला तोबरा बांधतात तो त्याने खावं म्हणून, इथे बटाट्याच्या तोंडाला जाळीची टोपली बांधलेली आहे ती त्याने खाऊ नये म्हणून, खाली छोटंसं भोक, त्यातून एकेक पातं ओढत बसायचं. ती टोपली तो रोज रात्री काढतो आणि मी रोज सकाळी त्या लुसलुशीत गवतात शोधत फिरतो.

आणि उरलेलं पोट भरायला वैरण, ती पण आधी पाण्यात भिजवायची, म्हणजे तिच्यातली साखर निघून जाते. काल वैरणवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अजून गवत नाही आलं का?" म्हटलं आलंय, खूप आलंय, म्हणूनच फोन केला, पुढच्या आठवड्यात डझनभर गठ्ठे टाका.