‘२३ लाख डोस पडून होते’: महाराष्ट्राच्या लसटंचाईबद्दलच्या दाव्याचा प्रतिवाद

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या लसीकरण केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ असे कागद चिकटले. त्याच आठवड्यात एक मजकूर फिरू लागला, आणि कोरोनाकाळाचा विषय निघाला की तो अजूनही फॉरवर्ड होतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: राज्याकडे २३ लाख डोस पडून होते. ५ लाख डोस राज्याने वाया घालवले. आरोग्य कर्मचाऱ्यांनाही दुसरा डोस धड दिला नाही. देशात सर्वांत जास्त लस महाराष्ट्रालाच मिळाली होती. केंद्राने खरेदी वेळेवर केली होती. आणि पुढे स्वतः लस विकत घेण्याचा हट्ट राज्यांचाच होता. सार काय, तर टंचाई खरी नव्हती, राज्याच्या ढिलाईवरचं ते पांघरूण होतं.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर आणि डॉ. हर्षवर्धन यांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते जाहीरपणे मांडले होते. त्यामुळे आकडे तेच ठेवून त्यांचा हिशेब करू.

‘२३ लाख डोस पडून होते’

जावडेकरांनी दिलेली आकडेवारी अशी: महाराष्ट्राला तोवर मिळालेले डोस १,०६,१९,१९०. वापर ९०,५३,५२३. वाटेत असलेले डोस ७,४३,२८०. उपलब्ध सुमारे २३ लाख.

आता वजाबाकी करा. मिळालेल्यातून वापरलेले वजा केले की उरतात १५ लाख ६५ हजार. त्यात वाटेतले ७ लाख ४३ हजार मिळवले तरच २३ लाख होतात. म्हणजे जे डोस अजून राज्यात पोचलेच नव्हते, तेही ‘पडून’ असलेल्यांत धरले गेले. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे त्याच सुमारास सांगत होते की राज्याकडे १४ लाख डोस आहेत आणि ते तीन दिवस पुरतील. केंद्राचे १५.६५ लाख आणि राज्याचे १४ लाख यांत एक-दोन दिवसांच्या नोंदींचाच फरक आहे. आकड्यांवर दोघांचं जवळपास एकमत होतं, भांडण होतं ते शब्दावर.

त्या वेळी राज्यात रोज साधारण साडेचार लाख डोस दिले जात होते. १५.६५ लाखांना साडेचार लाखांनी भागलं की साडेतीन दिवस येतात. नेहमीच्या बालकांच्या लसीकरणात आरोग्य केंद्राने महिन्याभराचा साठा आणि वर २५ टक्के राखीव धरायचा, असा हिशेब असतो. त्यापुढे साडेतीन दिवस म्हणजे काय, हे लस थंड ठेवून पोचवणाऱ्या शीतसाखळीत काम करणाऱ्या कुणालाही विचारून पाहा.

शिवाय हा साठा एका खोलीत नसतो. पुण्याच्या राज्य लस भांडारातून लस विभागीय भांडारात जाते, तिथून जिल्हा भांडारात, तिथून ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर (लशीसाठीच्या बर्फाच्या अस्तराच्या) फ्रिजमध्ये आणि सकाळी बर्फाचे पॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून सत्राच्या जागी. हा सगळा प्रवास २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये व्हावा लागतो. ३६ जिल्ह्यांत दोन-तीन दिवसांचा माल कायम या वाटेवरच असतो. तो शून्यावर आणता येत नाही, कारण तो शून्य झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळीच केंद्रं बंद. गडचिरोलीच्या फ्रिजमधले दोनशे डोस साताऱ्याच्या रांगेतल्या माणसाच्या कामाचे नाहीत. कोव्हॅक्सिनचा साठा कोविशिल्डच्या दुसऱ्या डोसला चालत नाही. राज्याची बेरीज लाखांत दिसत असतानाच पुणे जिल्ह्यात शंभराहून अधिक केंद्रं बंद पडली ती यामुळे.

‘सीरम पुण्यातच आहे, मग पुण्यात लस कशी नाही?’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला जात होता आणि तो रास्त होता. उत्तर साधं आहे. पुण्याजवळ मांजरीत कोविशिल्ड बनवणाऱ्या सीरमच्या कारखान्यातून देशासाठी निघालेला प्रत्येक खोका केंद्रीय आरोग्य मंत्रालय ठरवेल त्या पत्त्यावर जायचा. कारखान्यापासूनच्या अंतराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

‘५ लाख डोस वाया घालवले’

वापरलेल्या ९०.५३ लाखांतले ६ टक्के वाया गेले, म्हणजे ५.४३ लाख. केंद्राचा आकडा हा. राज्य म्हणत होतं की नासाडी ३ टक्के आहे. वादासाठी केंद्राचाच धरू.

कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. सुरुवातीला आलेल्या कोव्हॅक्सिनच्या कुपीत २० डोस. कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. पोलिओच्या लशीची उघडलेली कुपी नियम पाळून पुढच्या सत्रात वापरता येते, ही मुभा इथे नव्हती. संध्याकाळी साडेचारला केंद्रावर तीन आजीबाई आल्या, तर परिचारिकेपुढे दोनच पर्याय: कुपी फोडून सात डोस जाऊ द्यायचे किंवा तिघींना परत पाठवायचं. जानेवारी-फेब्रुवारीत तर ठरलेल्या यादीबाहेरच्या माणसाला बोलावून कुपी संपवायचीही सोय नव्हती. कोविन या नोंदणी-पोर्टलच्या यादीत नाव असेल त्यालाच लस. यादीतले वीस जण आलेच नाहीत, तर तो तोटा लसीकरण केंद्राच्या माथी.

हे होणार हे धरूनच केंद्राच्या डिसेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत १० टक्के नासाडी गृहीत धरलेली होती. ६ टक्के त्याच्या आत आहेत. वर नासाडीचा हिशेब बहुधा ‘दिलेल्या कुपींतले डोस वजा कोविनवर नोंदलेले डोस’ असा निघतो. सर्व्हर अडकला आणि संध्याकाळच्या नोंदी दुसऱ्या दिवशी चढल्या, तर टोचलेले डोसही काही काळ वाया गेलेले दिसतात.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. केरळने नासाडी शून्याखाली नेली. ७३.३८ लाख डोस मिळाले आणि ७४.२६ लाख दिले, कारण कुपीत थोडी जादा लस भरलेली असते आणि हाताला सवय असलेल्या परिचारिका तिच्यातून अकरावा डोस काढत होत्या. महाराष्ट्राला हे सगळीकडे जमलं नाही. तसं प्रशिक्षण आधीपासून द्यायला हवं होतं. पण समजा राज्यात एक थेंबही सांडला नसता, तर किती दिवस वाचले असते? ५.४३ लाख म्हणजे साडेचार लाखांच्या हिशेबाने सव्वा दिवसाची लस. महिनोन्‌महिन्यांच्या टंचाईचं कारण सव्वा दिवसाच्या लशीत सापडत नाही.

‘आरोग्य कर्मचाऱ्यांनाही दुसरा डोस दिला नाही’

डॉ. हर्षवर्धन यांच्या निवेदनात महाराष्ट्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पहिला डोस ८६ टक्के, दुसरा ४१ टक्के आणि आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांचा दुसरा डोसही ४१ टक्के होता.

आघाडीवरच्यांचं लसीकरण २ फेब्रुवारीला सुरू झालं. २२ मार्चला खुद्द केंद्रानेच राज्यांना पत्र लिहून कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर ४ ते ६ आठवड्यांवरून ४ ते ८ आठवडे केलं आणि दुसरा डोस ६ ते ८ आठवड्यांत दिल्यास संरक्षण अधिक मिळतं असं सांगितलं. ७ एप्रिलपासून आठ आठवडे मागे मोजले की १० फेब्रुवारी येते. त्यानंतर पहिला डोस घेतलेल्या पोलिसाची किंवा सफाई कामगाराची मुदत नव्या नियमाने उलटलेलीच नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी ‘थांबा’ सांगायचं आणि मग ‘का थांबलात’ म्हणून टक्केवारी दाखवायची, हे बरोबर नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांबाबतची टीका मात्र बऱ्याच अंशी खरी आहे. त्यांची सुरुवात १६ जानेवारीची. तेव्हाचं अंतर २८ दिवसांचं. जानेवारीत पहिला डोस घेतलेल्या सगळ्यांचा दुसरा डोस मार्चच्या सुरुवातीपर्यंत व्हायला हवा होता. कोविनच्या बिघाडामुळे राज्यात पहिल्याच दिवसानंतर दोन दिवस लसीकरण थांबवावं लागलं होतं, पण त्यावर महिनाभराची ढिलाई खपवता येत नाही. रुग्णालयांच्या यादीवर रोज बसून एकेकाला फोन करणं हे राज्याचं काम होतं.

‘सर्वांत जास्त लस महाराष्ट्रालाच’

एकूण बेरजेत खरं. महाराष्ट्र १.०६ कोटी, गुजरात आणि राजस्थान प्रत्येकी सुमारे १.०५ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, गुजरातची ६.०४ आणि राजस्थानची ६.८५ कोटी. आणि ४ एप्रिलला देशात नोंदलेल्या १,०३,५५८ नव्या रुग्णांपैकी ५७,०७४ एकट्या महाराष्ट्रातले होते. राज्य आठवड्याला ४० लाख डोस मागत होतं. वाटेत होते ते वर दिलेले ७.४३ लाख. टोपे यांनी तक्रार केल्यावर तो वाटा १७ लाख करण्यात आला.

‘केंद्राने खरेदी वेळेवर केली होती’

सगळ्या वादाची मुळी इथे आहे आणि फॉरवर्डमध्ये तिला एकच ओळ मिळते.

पहिल्या टप्प्याचं लक्ष्य ३० कोटी लोकांचं होतं: १ कोटी आरोग्य कर्मचारी, २ कोटी आघाडीवरचे, २७ कोटी ज्येष्ठ आणि सहव्याधी असलेले. दोन डोस धरून ६० कोटी. अंतिम मुदत जुलै-ऑगस्ट २०२१. आणि पहिली ऑर्डर निघाली ११ जानेवारीला, म्हणजे लसीकरण सुरू व्हायच्या पाच दिवस आधी: कोविशिल्डचे १ कोटी १० लाख डोस, २०० रुपये अधिक जीएसटी. कोव्हॅक्सिनचे ५५ लाख, त्यातले साडेसोळा लाख फुकट. एकूण १.६५ कोटी. तेव्हा सीरमकडे स्वतःच्या जोखमीवर बनवून ठेवलेले ४ ते ५ कोटी डोस तयार होते, असं कंपनी सांगत होती.

अमेरिकेने फायझरला १० कोटी डोसची १.९५ अब्ज डॉलरची ऑर्डर जुलै २०२० मध्ये दिली. युरोपीय संघाने अ‍ॅस्ट्राझेनेकाशी ऑगस्ट २०२० मध्ये करार केला. तेव्हा यातल्या कुठल्याच लशीला मंजुरी नव्हती. ‘ते श्रीमंत देश’ हे उत्तर इथे पुरत नाही. आपल्याला डोस दीडशे-दोनशे रुपयांत मिळत होता आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात लशीसाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद होती.

आधी ऑर्डर दिल्याने काय साधतं? लस बनवणं म्हणजे नळ सोडणं नव्हे. पेशी वाढवण्याच्या टाक्या, गाळण्या, कुपी भरण्याच्या रांगा हे सगळं महिनोन्‌महिने आधी मागवावं लागतं. त्यावर प्रत्येक बॅचला कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. कोव्हॅक्सिनची एक बॅच सुरू झाल्यापासून हातात यायला सुमारे चार महिने लागतात, असं भारत बायोटेकनेच मे २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे मेमध्ये हवी असलेली कोव्हॅक्सिन जानेवारीत सुरू व्हायला हवी होती, आणि कंपनीने तेवढी क्षमता उभारावी म्हणून हमीची ऑर्डर त्याच्याही कितीतरी आधी.

क्षमता वाढवायला सुमारे ३,००० कोटी रुपये हवेत, असं सीरमचे आदर पूनावाला यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात म्हटलं. नेमके ‘२३ लाख’चे आकडे फिरत होते तेच दिवस. त्यानंतर केंद्राने आगाऊ रक्कम द्यायला मान्यता दिली. ‘मार्चनंतर ऑर्डरच दिली नाही’ या बातम्यांचा ३ मे रोजी केंद्राने इन्कार केला, पण त्या खुलाशातली तारीखच बोलकी आहे: मे-जून-जुलैसाठी कोविशिल्डच्या ११ कोटी डोसचे १,७३२.५० कोटी आणि कोव्हॅक्सिनच्या ५ कोटी डोसचे ७८७.५० कोटी रुपये २८ एप्रिलला दिले. १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली होणार होती १ मे रोजी. तीन दिवस आधी तीन महिन्यांचे १६ कोटी डोस मागवले, आणि देशातल्या प्रौढांना लागणार होते १८० कोटींहून अधिक.

‘राज्यांनाच खरेदी करायची होती’

अर्धं खरं. ममता बॅनर्जी यांनी फेब्रुवारीतच तशी परवानगी मागितली होती, महाराष्ट्रासह इतरही राज्यांचा सूर तसाच होता. ती मागणी चुकीची होती असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच मालासाठी अनेक गिऱ्हाईकं झाली की भाव चढतात, आणि तसंच झालं. केंद्राला १५० रुपयांना मिळणारी कोविशिल्ड राज्यांना आधी ४०० आणि मग ३०० रुपये, कोव्हॅक्सिन ६०० आणि मग ४००.

पण १ मेपासून राज्यांना मिळालं ते खरेदीचं बिल. किती घ्यायचं याचा अधिकार मिळाला नाही. कोणत्या राज्याने त्या महिन्यात किती डोस घ्यायचे, हा कोटा केंद्रच ठरवून देत होतं. महाराष्ट्राने ५.७१ कोटी लोकांसाठी १२ कोटी डोस आणि ६,५०० कोटी रुपयांचा हिशेब मांडला, एकरकमी पैसे भरायची तयारी दाखवली, तरी कोट्याबाहेर डोस नव्हते. मेच्या मध्याला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून त्यांच्यासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावी लागली.

परदेशातून मागवायला मुंबई महापालिकेने १ कोटी डोससाठी जागतिक स्तरावर प्रस्ताव मागवले. आलेले सगळे कागदपत्रांच्या छाननीत बाद झाले. बोली लावणारे मध्यस्थ होते, आणि उत्पादक त्यांना लस देणार आहे याचा पुरावा मिळत नव्हता. मॉडर्नाने पंजाबला सरळ कळवलं की कंपनी फक्त भारत सरकारशी व्यवहार करेल. सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटासाठीचं हे सशुल्क धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं, आणि ७ जूनला पंतप्रधानांनी राज्यांच्या वाट्याची खरेदी पुन्हा केंद्राकडे घेतली.

आणि उलट बाजूचा फॉरवर्ड

‘आपली लस परदेशी वाटली म्हणून आपण उपाशी राहिलो’ हा मजकूरही तितकाच तपासायला हवा. एप्रिलपर्यंत सुमारे ६.६ कोटी डोस बाहेर गेले. त्यातली भेट जेमतेम १ कोटीची. बाकी सीरमचे व्यापारी करार आणि गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेचा वाटा. सीरमला क्षमता वाढवायला ‘गावी’ ही आंतरराष्ट्रीय लस-संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांचे ३० कोटी डॉलर आधी मिळाले होते, ते गरीब देशांना लस देण्याच्या अटीवरच. एप्रिलमध्ये देशात रोज सरासरी ३० लाख डोस दिले जात होते. त्या वेगाने ६.६ कोटी म्हणजे २२ दिवसांची लस. हे थोडे नाहीत, दुसऱ्या लाटेत त्या २२ दिवसांनी कित्येक घरं वाचली असती. पण निर्यात थांबल्यावरही मे महिना आला तो असा: एप्रिलमध्ये देशभरात सुमारे ९ कोटी डोस, मेमध्ये ६.१ कोटी, जूनमध्ये जवळपास १२ कोटी. लस घेण्यास पात्र माणसं मेमध्ये खूप वाढली होती, केंद्रं आणि परिचारिका त्याच होत्या, आणि रांगा पहाटे चारपासून लागत होत्या.