‘बिनधास्त राहा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार वाटांनी आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांकडून, मग गणपती मंडळाच्या ग्रुपवर, मग पुण्याच्या मावसबहिणीकडून. चौथ्यांदा शिकवणीतल्या एका पोराने मोबाइलच पुढे धरला, ‘सर, हे खरंय ना?’ वर मथळा, ‘विद्यार्थ्यांनो, इंटरनेटवर बिनधास्त राहा!’ खाली सायबर तज्ज्ञाचा हवाला. तज्ज्ञाला नाव नाही.

मेसेज थोडक्यात असा. एक, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या ‘खासगी’ खिडकीत, काय केलं ते कोणालाच दिसत नाही. दोन, कुलपाचं चिन्ह असलेली साइट खरी. तीन, गुगलवर मिळतं ते सगळ्यांचं, नाव दिलं की झालं. चार, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं की पुरावा उरत नाही. पाच, अठराच्या आतल्या मुलांना सायबर कायदा लागत नाही.

मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात, आठवी ते बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. काकांना ग्रुपवर उत्तर दिलं तर त्यांनी अंगठा दाखवला आणि तासाभराने तोच मेसेज पुन्हा टाकला. म्हणून हे सविस्तर.

कुलूप आधी घेतो, ते पटकन उरकेल. नवरात्राआधी गरब्याच्या पासांसाठी इथे केवढी झुंबड उडते ते बडोदेकरांना सांगायला नको. समजा, निम्म्या किमतीत पास देणारी साइट कोणी उभी केली. तिलाही कुलूप मिळतं, तेही फुकट आणि काही मिनिटांत. तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसलाय की साव, ते सांगत नाही. या चिन्हावर लोक भलताच भरवसा ठेवतात म्हणून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते काढलंसुद्धा. साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावाच लागतो.

इन्कॉग्निटोचं खूळ मात्र मुलांच्या डोक्यात घट्ट बसलंय. टोपी-चष्म्याचं ते चित्रच तसं आहे, गुप्तहेर झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? ती खिडकी बंद केली की त्या फोनवर हिस्टरी आणि कुकीज (साइट्सनी ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा) राहत नाहीत. म्हणजे आईने फोन हातात घेतला तर तिला कळणार नाही. इथे गुप्तता संपली. नेट ज्या कंपनीचं तिला, वायफाय कॉलेजचं असेल तर कॉलेजला, तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं. (आत काय वाचलंत ते सहसा नाही, कुलपाचा खरा उपयोग तो.) ज्या साइटवर गेलात तिला तर तुम्ही दिसताच, आणि तिथे लॉगिन केलंत तर नावानिशी दिसता. क्रोम स्वतःच त्या खिडकीत हे लिहून दाखवतं. कोणी वाचत नाही, हा भाग निराळा. २०२० मध्ये अमेरिकेत याच खिडकीवरून गुगलवर दावा लागला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे नोंदी होत होत्या.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासासाठी आणि शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला मोकळीक आहे. शाळेच्या प्रोजेक्टवर एखादा फोटो चिकटवला म्हणून कोणी नोटीस धाडत नाही. तोच फोटो यूट्यूबच्या व्हिडिओत किंवा मंडळाच्या स्मरणिकेत छापला की गोष्ट बदलते, आणि खाली नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. दुसऱ्याची सायकल नेऊन तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावण्यातला प्रकार.

पण मला बोलायचंय ते याच्या उलट बाजूबद्दल. राजा रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी काढलेली चित्रं आपल्या फतेसिंह संग्रहालयात आहेत. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ती चित्रं कधीच मोकळी झाली. छापा, कॅलेंडर करा, कायदा आड येत नाही. मागे एका मुलाने असंच एक चित्र फिल्टर मारून स्पर्धेत ‘माझं चित्र’ म्हणून दिलं. मी टोकलं तर म्हणाला, ‘पण सर, कॉपीराइट नाहीये ना!’ बरोबरच होतं त्याचं. कॉपीराइट नव्हता. चित्रही त्याचं नव्हतं.

हा मेसेज तिथेच घसरतो. पाचही मुद्दे एकच प्रश्न विचारतात, कोणाला कळेल का? आपण जे केलं त्याने दुसऱ्याचं काय झालं, हे पाचातल्या एकातही नाही. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर एथिक्स इन्स्टिट्यूटने १९९२ मध्ये कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी दहा आज्ञा काढल्या, त्यातली पहिलीच दुसऱ्याला इजा करू नका अशी आहे.

उरलेले दोन मुद्दे माझ्या वर्गातच घडले, म्हणून एकत्र घेतो. दहावीतली एक मुलगी. तिचा चणिया-चोळीतला फोटो कोणीतरी उचलून तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं आणि वर्गातल्या मुलांना नको ते मेसेज पाठवायला सुरुवात केली. ती घरी नऊ दिवस काही बोलली नाही. शाळेत सांगितलं तर तिथून विचारणा झाली, ‘फोटो टाकलाच कशाला?’ शेवटी मोठ्या भावाला कळलं. त्याने तिच्या फोनमधलं सगळं पुसलं, खातं ब्लॉक केलं आणि मग माझ्याकडे आला. म्हणजे तक्रारीला जे लागतं ते आधी घालवलं. त्यालाही हाच सल्ला कुठून तरी मिळालेला, पुसलं की संपलं.

आपल्या फोनमधून पुसलं म्हणून काय संपतं? व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत मिळते. तेवढ्यात समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला असेल, फोटो गॅलरीत उतरला असेल. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये नोटिफिकेशनची हिस्टरी ठेवता येते, ती चालू असेल तर पुसलेल्या मेसेजची अक्षरं तिथे काही काळ वाचता येतात. आणि २०२१ चे आयटी नियम पाहा: काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपायचा, खातं बंद केल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची, ही जबाबदारी कंपनीवर आहे. म्हणजे त्रास देणाऱ्याने पुसलं तरी माग राहू शकतो. त्रास झालेल्याने पुसलं तर मात्र त्याच्या हाती दाखवायला काही नाही.

आमच्या प्रकरणात मुलगा सापडला तो तंत्रज्ञानाने नव्हे. वापरलेला फोटो तिने फक्त पाच मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता, त्यातल्या एकीने आपल्या भावाला दाखवला होता, आणि त्या भावाच्या पोटात काही राहत नाही. खोटं खातं काढणारा वर्गातलाच पोरगा निघाला. आईसमोर म्हणतो कसा, ‘इन्कॉग्निटोतून केलं होतं. आणि मी पंधरा वर्षांचा आहे.’ दोन्ही वाक्यं मेसेजमधली, जशीच्या तशी.

तर पाचवा मुद्दा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारामध्ये त्याला समज कितपत होती ते बघतात. हे भारतीय न्याय संहितेत आहे आणि आधीच्या दंडसंहितेतही होतं. बारा ते अठराला कायदा लागतोच. फरक इतका की प्रकरण नेहमीच्या कोर्टाऐवजी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे समज देऊन सोडण्यापासून समाजसेवा, समुपदेशन, विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणं, असं बरंच काही होऊ शकतं. दंड आईवडिलांना भरायला लावता येतो. त्या मुलाच्या आईला हे माहीत नव्हतं, ती खाली बसली.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला की आयटी कायद्याचं कलम ६६सी, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं की ६६डी, संमतीवाचून कोणाच्या खासगी अंगाचा फोटो काढला किंवा पसरवला की ६६ई. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. गंमत म्हणून असं कलम त्यात नाही.

मला या मुद्द्याचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. कायदा आपल्याला लागत नाही असं ऐकलेलं पोर, कायदा आपल्या कामाचाही नाही असंच धरून चालतं. ती मुलगी नऊ दिवस गप्प राहिली. खरं तर खोट्या खात्याची किंवा बनावट फोटोची तक्रार आल्यावर ते २४ तासांत हटवायला लावणारी तरतूद २०२१ च्या नियमांत घातली गेली होती. आम्ही इन्स्टाग्रामच्या फॉर्मवरून तक्रार केली, खातं गेलं. पोलिसांत जायचं की नाही हे तिच्या घरच्यांनी ठरवलं, ते त्यांचं.

शिकवणीच्या फळ्यावर आता कोपऱ्यात लिहून ठेवलंय: आधी स्क्रीनशॉट, खात्याची लिंक, तारीख-वेळ; मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितकं बरं. बाकी तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर. घरी बोलायची सोय नसेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. अठराच्या आतल्या कोणाचा उघडा फोटो फिरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त आकडी ठसा जातो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात.

डस्टर फिरवताना मुलं तेवढा कोपरा सोडतात.