काटा वर, पंखा गप्प

आमची गाडी २२ वर्षांची आहे. पळताना ती कधी गरम होत नाही. गरम होते ती उभी राहिल्यावर, आणि तेही अशा जागी, जिथून पुढे सरकता येत नाही, मागे येता येत नाही आणि मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही.

याचं कारण मला आता पाठ झालंय. गाडी वेगात असली की समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याला काम नसतं. गाडी थांबली की वारा थांबतो. मग साधारण ९५ अंशांच्या आसपास रेडिएटरमधला स्विच जागा होतो, तो रिलेला (थोड्या विजेने जास्त वीज सुरू करणारा खटका) उठवतो आणि रिले पंख्याला. आमच्याकडे पहिले दोघे वेळेवर उठायचे. तिसरा कूस बदलून झोपायचा.

जुन्या काळचे पंखे बरे. पट्ट्याने थेट इंजिनला बांधलेले. इंजिन फिरलं की फिरायचं, मत कोण विचारतो? पुढे बऱ्याच गाड्यांत इंजिनं आडवी बसायला लागली, रेडिएटर मात्र नाकासमोरच राहिला, तेव्हा पंख्याला स्वतःची मोटर द्यावी लागली. वेगळं बिऱ्हाड मिळालं आणि तो कुणाचं ऐकेनासा झाला.

पहिल्यांदा काटा लाल रेघेकडे निघाला तेव्हा मी बायकोला म्हणालो, "हीटर लाव. फुल."

बाहेर ऊन रणरणत होतं. तिने आधी उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो बाहेर काढतो."

"बाहेर म्हणजे माझ्या अंगावर."

तसंच होतं ते. काटा हळूहळू उतरला. आमचं मात्र घरी पोचेपर्यंत बोलणं बंद होतं.

गाडी पुरती थंड होऊ दिली. (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, एवढी अक्कल मला आहे. आत दाबाखाली कोंडलेलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळायचं थांबलेलं असतं, झाकण सैल झालं की सगळं एकदम तोंडावर येतं.) मग बॉनेट उघडून फ्यूज उपसला. धडधाकट होता. पुन्हा दाबून बसवला आणि बॉनेट लावलं. आमचं बॉनेट हळू लावलं तर लागतच नाही, हातभर उंचीवरून सोडावं लागतं. गाडी चालू करून काट्याकडे डोळे लावून बसलो. काटा ठरलेल्या जागी आला आणि खट्ट... घर्रर्र.

"फ्यूज ढिला होता," मी जाहीर केलं.

चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी रिलेची पाळी. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. मधले कुठे गेले ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. हॉर्नचा रिले त्याच मापाचा निघाला, म्हणून दोघांची अदलाबदल केली. बॉनेट लावलं, धाड! पंखा सुरू. "रिले गेला होता." तो गेलेला रिले आता हॉर्न उत्तम वाजवत होता, ही बाब मी तपासात घेतली नाही.

आठवड्याने स्विच बदलला. त्यात बाहीच्या आतून कोपरापर्यंत कूलंट गेलं, ते सोडा. बॉनेट, धाड, पंखा सुरू.

"तू बॉनेट आपटतोस म्हणून चालतो तो," बायको म्हणाली.

मी तिला समजावलं की गाडी म्हणजे थापटी मारून चालणारा जुना टीव्ही नव्हे.

चौथ्या वेळी मल्टिमीटर आणला. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, स्विचच्या दोन वायरी जोडून दिल्या आणि कपलरमध्ये मीटरची टोकं खुपसली. १२.४ व्होल्ट! म्हणजे वीज येतेय. मग मोटर बॅटरीवर डायरेक्ट लावली. ती अशी काही फिरली की रेडिएटरमध्ये अडकलेला पाचोळा माझ्या केसांत आला. म्हणजे मोटरही चांगली. कपलर जोडला. शांतता. वीज निर्दोष, मोटर निर्दोष आणि दोघांची गाठ घालून दिली की काहीच घडत नाही. मी बंपरवर बसून राहिलो.

शेवटी वायरिंगवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून हेडलाइटचा जुना बल्ब काढला, त्याच्या दोन वायरी कपलरमध्ये घातल्या. बल्बची तार विझत्या निखाऱ्यासारखी जेमतेम लाल झाली.

"मीटर नुसता विचारतो, साहेब," तो म्हणाला. "बल्ब मागतो. आणि तुमची मोटर याच्याहून किती तरी जास्त मागते."

मग त्याने बल्बची काळी वायर कपलरमधून काढून बॅटरीच्या मायनसला टेकवली. लख्ख उजेड! "अर्थ गेलाय. वीज परत जायची वाट."

काळ्या वायरीचा माग काढत तो पुढे गेला. हेडलाइटच्या मागून, आडव्या पट्टीवरून, नेमकी बॉनेटच्या लॉकशेजारी ती एका बोल्टखाली कसलेली होती. बोल्टभोवती पांढरट-हिरवं किटण चढलेलं. मीटरपुरती वीज त्यातून झिरपत होती, मोटरपुरती नाही. त्याने कपलर पुन्हा जोडून बोल्टवर बोटाने टिचकी मारली आणि पंख्याचं एक पातं दचकल्यासारखं हललं.

"बॉनेट जोरात आपटता का?" त्याने विचारलं.

बायको दारातच उभी होती.

त्याने सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. दहा मिनिटं. पैसे घेऊन तो गेला. मी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं दोन्ही हातांनी बॉनेट खाली आणलं. लागलं नाही. दाबलं. तरी नाही. इकडेतिकडे बघितलं, हातभर वर उचललं आणि सोडलं. धाड!

गाडी चालू केली. काटा चढला, ठरलेल्या जागी आला. खट्ट... घर्रर्र.

"आता कशामुळे चालला?" बायकोने विचारलं.