मटकीची चौकशी

रिख्टर्सवेल्डहून येऊन आठ दिवस झाले, कंबर जागेवर आली, पण ती मटकी काही डोक्यातून जात नाही.

रिख्टर्सवेल्ड म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं, नामिबियाला खेटलेलं डोंगराळ वाळवंट. साध्या गाडीला आत प्रवेशच नाही. तिथला 'हाफमेन्स', अर्धा माणूस, पाहिला: काटेरी खोड, माथ्यावर पानांचा झुबका, मान उत्तरेकडे कललेली. नामा लोक सांगतात, उत्तरेतून हुसकावलेले पूर्वज मागे वळून बघताना तिथेच झाड झाले. बायको म्हणाली, "माहेरची ओढ, दुसरं काय!"

परतीच्या वाटेवर एका गावात मुक्काम केला. मालकीणबाई साठीच्या, सगळे त्यांना 'टानी' म्हणत, म्हणजे काकूच. सकाळी टानी नळ बघायला आल्या आणि नळाला लटकलेलं ओलं पंचाचं गाठोडं बघून थबकल्या.

"हे जिवंत आहे?"

"आहे." बोटाच्या पेराएवढे मोड आले होते, खोटं कसं बोलणार?

"कुठून उपटलं?"

"जोहान्सबर्गच्या वाण्याकडून घेतलं."

"किती आहे?"

"पाव किलो."

त्यांनी दारच अडवलं. शेजारचे आजोबा भिंग घेऊन, पायजम्यातच आले. एक दाणा तळहातावर घेतला, हुंगला, उजेडात धरला, आणि खट्टू होऊन म्हणाले, "कोनोफायटम नाही." कोनोफायटम म्हणजे तिथलं इवलंसं, गुबगुबीत पानांचं रानरोप. मग उमेद धरून, "पण परकी, आक्रमक जात असू शकते!"

आम्ही रानातली रोपं चोरली, हा टानींचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगणारी ती कोनोफायटम, शर्टाच्या बटणाएवढी. चोर पोत्यांनी उपटतात आणि परदेशातल्या हौशी लोकांना विकतात. पण माझ्या कुंडीत तुळस जगत नाही हो! आणि शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या गृहस्थाच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली पाच क्रेट होते. असेल बिअर. त्याला मात्र टानींनी कॉफी नेऊन दिली. ताडपत्री कोणी उचलली नाही, आणि का नाही हे मला विचारू नका.

शेवटी बायकोने तिथेच उसळ टाकली. आजोबांनी दोन वाट्या हाणल्या, वर लिंबू मागितलं. टानींनी चमचाभर चाखून "तिखट आहे" एवढाच निकाल दिला. माफीबिफी नाही. बिलात 'टॉवेल खराब' म्हणून वेगळी रक्कम लावली. पंचा आमचा होता!

घरी पोचलो तोच पुण्याहून वहिनीचा मेसेज: "भाऊजी, एखादं छोटंसं रोप आणलंत ना? पर्समध्ये मावेल असं?"