वाघीण उशिरा आली तर दंड कुणाला?

मक्याचा हंगाम आला की आमच्या बाजार समितीत एकच प्रश्न कानावर पडतो, "रेक कधी लागणार?" रेक म्हणजे वाघिणींची, मालगाडीच्या डब्यांची, अख्खी गाडी. विचारणारा व्यापारी असतो, आडत्या असतो, नाहीतर हमालांचा मुकादम. शेतकरी सहसा विचारत नाही. माल विकला, पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती घेतली, पुढचं व्यापाऱ्याने आणि रेल्वेने बघावं, असं त्याला वाटतं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. रेक वेळेत लागणार की नाही, याचा हिशेब त्याच सकाळच्या लिलावात होतो आणि तो शेतकऱ्याच्याच पट्टीत उतरतो.

कसा ते सांगतो. तामिळनाडूतल्या नामक्कलच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी कुणी इथे मका घेतोय असं समजा. गुरुवारी रेक नक्की लागणार हे त्याला ठाऊक असेल तर तो बिनधास्त बोली चढवतो, कारण माल तीन-चार दिवसांत हातावेगळा होणार असतो. पण रेल्वेकडे गाडीची मागणी नोंदवून बसलाय आणि गाडी या आठवड्यात येईल की पुढच्या, हेच माहीत नसेल, तर तो आधी गोदामाकडे बघतो. भांडवलावरचं व्याज, गोदामाचं भाडं, बारदान, घूस-उंदीर आणि ऑक्टोबरच्या मक्यातला ओलावा. चौदा टक्क्यांच्या वर ओल असलेला मका थप्पीत दाबून ठेवला की आतून तापतो, बुरशी धरतो, आणि बुरशीचा मका कोंबडीखाद्यवाला दारातूनच परत पाठवतो. ही सगळी जोखीम व्यापारी स्वतःच्या खिशातून भरणार आहे का? तो बोली कमी करतो. शेतकऱ्याला वाटतं, आज बाजार पडला. बाजार तिकडे नामक्कलला होता तिथेच असतो, पडलेला असतो तो मधल्या वाहतुकीवरचा भरवसा.

ट्रक आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि चालतातही. पण हिशेब बघा. बीसीएन प्रकारच्या बंद वाघिणींची पूर्ण रेक साधारण बेचाळीस डब्यांची असते. मक्यासारखा जड माल असेल तर एका रेकमध्ये अडीच हजार टनांच्या आसपास माल जातो, म्हणजे पंचवीस टनांचे शंभर ट्रक. ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून दिल्लीला सरकारी साठ्यातला कांदा घेऊन 'कांदा एक्सप्रेस' गेली, तेव्हा बेचाळीस वाघिणींत 1,600 टन कांदा होता आणि तो सुमारे त्रेपन्न ट्रकांइतका असल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. लांब पल्ल्याला रेल्वेचं भाडं ट्रकपेक्षा स्वस्त पडतं. हजार-पंधराशे किलोमीटरवर भुसार माल पाठवायचा तर रेल्वेला तोड नाही. म्हणूनच रेल्वेकडून अपेक्षा आहे.

आता रेक लागते तेव्हा मालधक्क्यावर, म्हणजे रेल्वेच्या माल भरायच्या-उतरवायच्या फलाटावर, काय चालतं, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. गाडी कधीही येते. रात्री अकरा वाजता फोन येतो की रेक लागतेय, आणि मुकादम गावागावांतून टोळ्या गोळा करायला निघतो. धक्क्यावर दिवे पुरेसे नसतात, मोबाइलच्या उजेडात वाघिणीची दारं उघडली जातात. आधी आत झाडू मारायचा, कारण मागच्या फेरीत सिमेंट किंवा खत आलेलं असतं आणि त्याची भुकटी सांध्यांत अडकून बसते. छताला कुठे भोक आहे का, दार नीट लागतं का, हे बॅटरी मारून बघायचं. मग पाठीवर पन्नास-साठ किलोचं पोतं घेऊन हमाल फळीवरून आत शिरतो, दाराच्या दोन्ही बाजूंनी थप्पी रचत यायची, दारापाशी जागा सोडायची. ट्रकांची रांग बाहेरच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर अडकलेली असते. आणि घड्याळ चालू झालेलं असतं. ठरलेल्या तासांत भरणी झाली नाही की डेमरेज, म्हणजे दर वाघिणीमागे, दर तासाला दंड. माल धक्क्यावर मुदतीपेक्षा जास्त पडून राहिला की व्हार्फेज वेगळं. पाऊस आला, हमाल कमी पडले, ट्रक रस्त्यात फसला, तरी मीटर पळतच असतं.

या दंडाबद्दल माझी तक्रार नाही. वाघिणी देशाच्या आहेत, कुणी त्या तासन्‌तास अडवून ठेवल्या तर पुढच्या माणसाचा माल खोळंबतो. शिस्त हवीच. माझा प्रश्न पुढचा आहे. मागणी नोंदवताना व्यापारी अनामत भरतो. गाडी लागल्यावर त्याने भरली नाही तर ती अनामत जाते. भरायला उशीर केला तर डेमरेज लागतं. पण रेल्वेने गाडीच उशिरा दिली तर? सर्वसाधारण नोंदणीत रेल्वेवर काहीच येत नाही. पंधरा दिवस लागले काय, महिना लागला काय, कुणी विचारणारं नाही. एका पक्षाला तासांचा हिशेब आणि दुसऱ्याला दिवसांचाही नाही, याला करार म्हणता येत नाही.

वाघिणी वाटताना अग्रक्रम असतात हे मान्य. लष्कराचा माल, आपत्तीतली मदत, रेशनचं धान्य हे आधी जायला हवं, यावर कुणाचं दुमत नसावं. मनमाडला अन्न महामंडळाची एवढी मोठी गोदामं आहेत, पंजाब-हरियाणाचा गहू तिथे रेल्वेनेच येतो आणि त्यावर लाखो घरांची चूल पेटते. पण त्यानंतर कोळसा येतो. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे. एप्रिल 2022 च्या शेवटी वीजकेंद्रांचा कोळसा संपत आला, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या होत्या. प्रवाशांची ती अवस्था, तर खासगी व्यापाऱ्याच्या मक्याला कोण विचारणार? त्यात कोळसा बारमाही आणि ठरलेला, आपला माल हंगामी आणि लहरी. रेल्वेच्या नियोजनात जो माल रोज येतो त्याची गणना आधी होते. हे समजण्यासारखं आहे, पण म्हणून शेतमाल कायम रांगेच्या शेवटी उभा राहावा, हे मान्य करणं शक्य नाही.

या बाबतीत कॅनडात जे घडलं ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. 2013 साली तिथल्या प्रेअरी भागात, म्हणजे सस्कॅचेवान, अल्बर्टा, मॅनिटोबात, विक्रमी पीक आलं, साडेसात कोटी टनांच्या वर. गहू, कॅनोला हे तेलबियांचं पीक, सगळंच उदंड. समुद्र हजार-दीड हजार किलोमीटर दूर, मधे रॉकी पर्वत, आणि माल न्यायला दोनच मोठ्या रेल्वे कंपन्या, कॅनेडियन नॅशनल आणि कॅनेडियन पॅसिफिक. हिवाळा भयंकर पडला. उणे पंचवीसच्या खाली पारा गेला की हवेच्या ब्रेकना दाब पुरत नाही, गाड्या आखूड कराव्या लागतात, असं कंपन्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं. पण शेतकऱ्याचं धान्य शेतावरच्या कोठारांत अडकलं, कोठारं भरल्यावर उघड्यावर ढीग लागले, आणि व्हँकुव्हरला जहाजं धान्याची वाट बघत नांगर टाकून उभी. जागतिक भाव एक आणि शेतकऱ्याच्या दारातला भाव दुसराच, त्यातली दरी रुंदावत गेली. आपल्या बाजार समितीत जे होतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

मार्च 2014 मध्ये तिथल्या सरकारने थेट आदेश काढला: दोन्ही कंपन्यांनी दर आठवड्याला प्रत्येकी किमान 5 लाख टन धान्य हलवायचं, नाहीतर दंड. त्याच वर्षी मे महिन्यात कायदा झाला. तरी 2017-18 च्या हिवाळ्यात पुन्हा तीच बोंब झाली. त्या वेळी कॅनेडियन नॅशनलने जाहीर माफी मागितली आणि मार्च 2018 मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. मे 2018 च्या नव्या कायद्यात मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद आली. रेल्वे आणि माल पाठवणारा यांच्यात सेवेच्या करारावरून वाद झाला, तर दोन्ही बाजूंना लागू होईल असा दंड लवादाकडे मागता येतो. भरायला उशीर झाला तर तुम्ही भरा, गाडी द्यायला उशीर झाला तर रेल्वे भरेल. शिवाय दर वर्षी नवा धान्य हंगाम सुरू होण्याआधी कंपन्यांनी आपली तयारी लेखी जाहीर करायची आणि हिवाळ्यात काय करणार तेही ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सांगायचं.

अमेरिकेत तर बर्लिंग्टन नॉर्दर्न या कंपनीने 1988 मध्येच धान्यासाठी हमीच्या वाघिणींची पद्धत सुरू केली होती. आगाऊ बोली लावून वाघिणी घ्यायच्या, आणि कंपनीने त्या वेळेत दिल्या नाहीत तर कंपनीने भरपाई द्यायची. त्यात मोठ्या व्यापाऱ्यांचं फावतं अशी टीका तिथेही झाली आणि ती रास्त आहे, आपल्याकडे जसंच्या तसं आणू नये. पण 2014 च्या खोळंब्यात तिथल्या नियामक मंडळाने रेल्वे कंपन्यांकडून दर आठवड्याला धान्य वाघिणींच्या थकबाकीचे आकडे मागवून घेतले. किती वाघिणी मागितल्या, किती दिल्या, किती दिवस उशीर. ते सगळ्यांना बघायला खुलं. याला नवी पटरी टाकावी लागत नाही, इंजिन विकत घ्यावं लागत नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. शंभरावी त्याच वर्षी डिसेंबरात सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, मध्य रेल्वेची हजारावी सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला. छोट्या शेतकऱ्याला दोन-चार क्विंटल डाळिंबसुद्धा पाठवता आलं. भाड्यात पन्नास टक्के अनुदान होतं हे खरं, पण माझ्या मते तिची खरी ताकद वेळापत्रकात होती. अमुक वारी गाडी आहे म्हटल्यावर तोडणी त्या हिशेबाने करता येत होती. मार्च 2022 अखेर अनुदान थांबलं आणि गाड्या रोडावल्या. त्या गाड्या भाजी-फळांच्या होत्या, भुसार मालाला त्यांचा उपयोग नव्हता, तरी ठरलेल्या वाराला किती किंमत असते ते त्यांनी दाखवून दिलं.

रेल्वेची बाजूही आहे. भुसावळ-मनमाड पट्ट्यात गाड्यांची एवढी दाटी आहे की वाघिणी असूनही मार्ग मिळत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव-मनमाड चौथ्या मार्गाला, एकशे साठ किलोमीटरच्या, केंद्राने मंजुरी दिली. तो होईल तेव्हा फरक पडेल, नक्कीच पडेल. पण तोवरचे मक्याचे हंगाम कुणाच्या खात्यावर टाकायचे? मनमाडला गव्हाची रेक रिकामी होते, इतर धक्क्यांवर खताच्या, सिमेंटच्या रेक रिकाम्या होतात. त्यातल्या किती शेजारच्याच धक्क्यावर शेतमालाला मिळाल्या आणि किती रिकाम्या निघून गेल्या, हे रेल्वेला बसल्या जागी कळतं, सगळी नोंद संगणकावर आहे. ती बाहेर येत नाही, एवढंच.

तर माझी मागणी दोन गोष्टींची आहे. हंगामात दर आठवड्याला प्रत्येक मालधक्क्यावरच्या शेतमालाच्या मागण्या, दिलेल्या रेक आणि थकलेले दिवस जाहीर करा. आणि ठरावीक मुदतीनंतर गाडी आली, तर उशिराच्या दिवसांप्रमाणे भाड्यात सूट द्या, जशी आमच्याकडून तासांप्रमाणे वसुली होते तशी. रेशनच्या धान्याला, आपत्तीतल्या मालाला धक्का न लावता हे करता येतं. भाड्यात सूट द्यावी लागते म्हटल्यावर विभागीय कार्यालयात मक्याच्या मागणीकडेही कुणीतरी रोज सकाळी बघेल.

बाजार समित्यांचे जे संचालक हे वाचत असतील त्यांना विनंती आहे. विभागीय रेल्वे सल्लागार समितीच्या बैठकीत आपले लोक थांबे आणि प्लॅटफॉर्मची उंची मागतात, तेही हवंच, पण एकदा मालधक्क्याचा विषय लेखी द्या. आणि व्यापारी-आडते मित्रांनो, या हंगामातल्या तुमच्या मागणी नोंदवल्याच्या आणि रेक लागल्याच्या अशा दोनच तारखा मला मेसेज करा. धक्क्याचं नाव द्या, स्वतःचं नको असेल तर नका देऊ. डिसेंबर अखेरपर्यंत जेवढ्या येतील त्यांचा तक्ता करून मी इथेच टाकणार आहे आणि त्याची प्रत आपल्या भागातल्या खासदारांना देणार आहे.