‘परखड वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

परखड वाचक,

अली हेझलवूड यांच्या ‘द लव्ह हायपोथेसिस’ या प्रेमकादंबरीवरच्या माझ्या लेखाला आपण ‘कॉलेजकुमारींची भलामण’ म्हटलंत. पुस्तक आवडलं नाही, ठीक. पण ही भाषा कशाला? टोपणनावाआडून टोमणे मारायला काही लागत नाही.

आपलं मुख्य वाक्य असं: ‘विज्ञान नुसता देखावा, लॅबच्या जागी बँक घातली तरी गोष्ट तीच, आणि रात्री लॅबमध्ये कोण कडमडतं?’

घालून बघा बँक. नायिका ऑलिव्ह स्टॅनफर्डला पीएचडी करते, विषय स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखणं. स्वादुपिंड जठरामागे दडलेलं, त्यामुळे कावीळ किंवा पाठदुखी सुरू होईतो बहुतेकदा उशीर झालेला असतो. रक्तात सीए १९-९ ही या कर्करोगाची खूण दर मिलिलिटरला ३७ युनिटच्या वर गेली की डॉक्टरांना शंका येते. पण पित्तनलिका तुंबली तरी ती वाढते, आणि लुईस प्रतिजन (रक्तगटासारखी एक जन्मजात गोष्ट) नसलेल्यांच्या शरीरात ती जवळजवळ तयारच होत नाही. म्हणजे कर्करोग आहे आणि रिपोर्ट साफ. नवी खूण शोधायची तर उंदीर हवेत, उपकरणं हवीत, पैसा हवा. तो तिच्याकडे नाही, म्हणून हार्वर्डच्या टॉम बेंटनचे उंबरे झिजवायचे. त्या माणसाची सगळी मिजास स्वतःच्या हातातल्या लॅबच्या जोरावर आहे. तिच्याच विभागातला प्राध्यापक अ‍ॅडम तिच्याशी खोट्या प्रेमाच्या नाटकाला तयार होतो तेही विद्यापीठाने, हा सोडून जाईल या धास्तीने, त्याचा संशोधननिधी अडवून ठेवलाय म्हणून. कुठल्या बँकेत असं होतं, सांगा की.

राहिली रात्र. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं हवं ते प्रथिन शोधायची चाचणी, कधी लावलाय? प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवायला तास-दीड तास, ती मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवायला १०० व्होल्टवर आणखी तासभर, मग ५ टक्के दूध पावडरच्या द्रावणात मेम्ब्रेनची मोकळी जागा झाकणारं ब्लॉकिंग, एक तास. त्यानंतर हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी, ४ अंशांवर, रात्रभर. जेल आणि मेम्ब्रेनच्या मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला की नेमक्या तिथे पांढरा गोल उमटतो आणि दिवस पाण्यात. म्हणून आधी रोलर फिरवून हवा काढायची. नमुने तयार करून दुपारी उशिरा जेल लावणारा रात्री लॅबच्या कॉरिडॉरमध्ये नाही तर कुठे असणार? हे ऐकीव नाही. माझी उमेदीची वर्षं लॅबमधल्या त्याच बाकावर गेली आहेत. आपली कुठे गेली, ते आपण लिहिलेलं नाही.

प्रत्यक्ष प्रयोग पानावर फारसा दिसत नाही, हे आपलं बरोबर. प्रकरणांच्या डोक्यावरची गृहीतकं बरीचशी गमतीची आहेत, तेही मान्य.

बाकी, ‘लेखिकेने लॅब पाहिली नसावी’? अली हेझलवूड मेंदूविज्ञानात पीएचडी आहेत. ‘स्टार वॉर्सच्या फॅनफिक्शनमधून (चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या गोष्टींतून) उगवलेलं पुस्तक’? हो, उगवलंय. मग?

मुखपृष्ठ बटबटीत असल्याची तक्रार प्रकाशकाकडे करावी.